बायकांच्या बराकीला कुलूप नव्हतं तेव्हा

तुरुंगात नोकरी केली म्हटलं की लोक विचारतात, भीती वाटायची नाही का? खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला पाय दुखायचे ते जास्त आठवतं. दगडी फरशीवर उभं राहून टाचा अशा भरून यायच्या की खोलीवर गेल्यावर आधी परातीत गरम पाणी घ्यायचं, त्यात पाय बुडवायचे आणि मग चुलीकडे बघायचं.

माझे यजमान पलटणीत होते. एकाहत्तरच्या लढाईत गेले. सासरी उसाची जमीन होती, पण ती दिरांची झाली होती आणि मला तिथं हात पसरायचा नव्हता. मॅट्रिक होते, जवानाची विधवा होते, म्हणून तुरुंग खात्यात महिला शिपाई म्हणून घेतलं. मुलगी लहान होती. तिला कराडजवळ माहेरी आईपाशी ठेवलं आणि मी खाकी साडी नेसून कामावर रुजू झाले. सातारा आणि सांगली दोन्हीकडे माझी नोकरी झाली. ही हकीकत त्यातल्या कुठल्या तुरुंगातली ते मी सांगत नाही. जुन्या तुरुंगांच्या भिंती इथून तिथून सारख्याच असतात आणि त्या वेळची काही माणसं अजून हयात आहेत.

आणीबाणीचा पहिला पावसाळा होता. तुरुंगात आधीच दाटी होती आणि वरून आणखी माणसं येणार असं कळलं होतं. जेलरसाहेब निवृत्तीला आलेले, पोटाच्या दुखण्यानं बेजार. दुपारी फक्त दूधभात खायचे आणि तोसुद्धा टेबलावर अर्धा तसाच राहायचा. ते स्वतः बराकींची पाहणी करायला निघाले, आणि तिथून सगळं सुरू झालं.

पुरुषांच्या तीन नंबरच्या बराकीत हवालदारानं किल्ली लावली, फिरवली आणि कुलूप कोयंड्यासकट त्याच्या हातात आलं. चौकटीचं लाकूड आतून कुजून भुसा झालं होतं. साहेब बघतच राहिले. मग त्यांनी एकेक कुलूप तपासायला लावलं. एखाद्याला कुठलीही किल्ली चालत होती, तर एखाद्याला कुठलीच चालत नव्हती. दोन कुलपं नुसती ओढली की उघडत. एका बराकीत एक जन्मठेपेचा कैदी होता, मोठ्या मिशांचा. तो म्हणाला, "सायेब, ह्ये कुलूप उन्हाळ्यापास्नं आसंच हाय. आत लय उकडायचं, मी व्हरांड्यात येऊन बसायचो वाऱ्याला. मोजणीच्या आदी पुन्हा आत."

"मग पळाला का नाहीस?" साहेबांनी विचारलं.

"कुठं जाऊ? घरच्यांनी दार लावून घेतलंय."

मग साहेबांनी धोक्याची घंटा वाजवायला सांगितली. शिपायानं दोरी ओढली तर आतला लोलक निसटून त्याच्या खांद्यावर पडला. विजेचा भोंगा होता, तो मुका झाला होता. तारा ओलीनं सडल्या होत्या. मोठ्या फाटकाची खालची बिजागरी झिजून पातळ झाली होती आणि फाटक उघडताना दोन माणसं खांदा लावून ते उचलत, याची तर सगळ्यांना इतकी सवय झाली होती की त्यात काही बिघडलंय असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

साहेबांनी वर कळवलं. आठवडाभरात हुकूम आला: सगळं ताबडतोब बदला. बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आले, गवंडी आले, गावातला एक लोहार आला, तारा ओढणारे दोघे आले. कुलपं मात्र पुण्याहून यायची होती आणि ती काही येईनात. तोवर पुरुषांच्या बाकीच्या बराकींवर पहारे बसवले, पण जन्मठेपवाल्यांच्या बराकीला कुलूप हवंच होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सगळ्या तुरुंगात एकच कुलूप अजून धड आहे, ते बायकांच्या बराकीचं. बायका थोड्या, कुलूप कमी वापरातलं, म्हणून ते टिकलं होतं.

हवालदार ते काढून न्यायला आले तेव्हा मी दारात उभी होते.

"आणि मी काय लावू?" मी विचारलं.

"आडणा हाय की."

"तो लाकडी दांडा बाहेरून लागतो, कुणीही येऊन काढील. मी आत असले की तो कोण लावणार?"

हवालदारांनी कुलूप पिशवीत टाकलं. "बायकाच हायत्या, बाई. कुठं जात्यात?"

मी साहेबांकडे गेले. त्यांनी पोटावर हात ठेवून माझं सगळं ऐकलं. "बाई, नवी कुलपं येईपर्यंत काढा कसंतरी. तुम्हालाच कुलूप समजतो मी," ते म्हणाले. चेष्टेनं नाही म्हणाले. त्यांच्याकडे द्यायला दुसरं काहीच नव्हतं.

माझ्या जोडीला एक महिला शिपाई होती, ती बाळंतपणाच्या रजेवर गेलेली. तिच्या बदली कुणी पाठवा असं साहेबांनी कळवलं होतं, पण कुणी आलं नाही. आधी कुलूप होतं तेव्हा मी संध्याकाळी ते लावून, किल्ली फाटकावर देऊन, पलीकडच्या माझ्या खोलीवर जायची. आता जाता येईना. मी माझी वळकटी आणून बायकांच्या दारात टाकली. अंघोळीपुरती खोलीवर जायची, तेवढ्यापुरता फाटकावरचा एक म्हातारा शिपाई दाराबाहेर पाठ करून उभा राहायचा. बाकी सगळा वेळ मी तिथंच. डोळा लागला की दचकून जाग यायची. पुढं पुढं तर झोप आणि जाग यातला फरकच कळेनासा झाला. मोजणी करताना एकच बाई मी दोनदा मोजायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

बायका मोजक्या होत्या. त्यात एक म्हातारी धनगरीण होती, पूर्वेच्या दुष्काळी भागातली. चराऊ रानावरून भांडण झालं, हिनं काठी मारली, समोरच्याचा हात कायमचा गेला. त्याची शिक्षा भोगत होती. तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं आणि फुशारकीही नव्हती. मी दारात वळकटी टाकलेली बघून ती जवळ येऊन बसली.

"मेंढरांच्या वाड्याला कुठं कुलूप आसतं गं?" ती म्हणाली. "माणूस आडवा निजतो तोंडाशी. पर त्यो आळीपाळीनं निजतो. तू एकलीच हायस."

"मग काय करू आजी?"

"मी बसते दिवसाची घटकाभर. तू आंग टाक."

कैद्याला दारावर बसवून शिपायानं झोपायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं? मी नको म्हटलं. तरी ती रोज दुपारी येऊन माझ्या शेजारी बसायचीच, पाय पसरून, दाराकडे तोंड करून. बोलायची नाही. तिच्या नुसत्या बसण्यानं मला बरं वाटायचं.

दुसरी होती ती कच्ची कैदी, म्हणजे खटला अजून चालायचा होता. वय असेल वीस-बावीस. तिचा नवरा विहिरीत पडून मेला होता. हिनं ढकललं असं सासूचं म्हणणं. तो पिऊन कठड्यावर बसला होता, असं हिचं. पकडून आणली तेव्हा अंगावर पिणारा मुलगा होता. तो सासूनं ठेवून घेतला. पहिल्या दिवसांत हिची छाती दुधानं दगड व्हायची, चोळी भिजायची. कोपऱ्यात तोंड करून ती दूध पिळून टाकायची आणि मी दुसरीकडे बघायची. माझ्या मुलीला मीही अशीच लहानपणी सोडून आले होते, पण माझी आईपाशी होती. आणि मला सुट्टी मिळत होती. निदान तोवर तरी मिळत होती.

सासू भेटीला कधी आली नाही. पण फिर्याद तिची, त्यामुळे कोर्टाच्या तारखेला तिला यावंच लागायचं आणि येताना ती नातवाला कडेवर घेऊन यायची. तेवढंच हिला पोर दिसायचं. बाकावर सासू, पलीकडे पोलिसांच्या मध्ये ही. तारीख पडली की पुढच्या तारखेपर्यंत ती त्यावर काढायची. "अंगानं भरलाय," म्हणायची, नाहीतर "झबलं नवं हुतं."

तुरुंगातलं काम सुरू झालं आणि हुकूम निघाला की फाटक बसेपर्यंत कुणालाही कोर्टात न्यायचं नाही. फाटक सारखं उघडझाप करणं धोक्याचं, सोबतीला द्यायला पोलीसही नाहीत. तारखा आपोआप पुढं जातील. तिची एक तारीख अशीच गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसरी तारीख जवळ आली तेव्हा तिनं मला विचारलं, "आक्का, ह्या बारीला तरी न्हेत्याल न्हवं?"

"फाटक बसलं तर नेतील," मी म्हटलं.

फाटक बसवायचा दिवस आणि तिच्या तारखेचा दिवस एकच निघाला.

सकाळपासून पाऊस उघडला होता. जुनं फाटक काढून ठेवलं होतं आणि त्या भगदाडात तुरुंगाची बैलगाडी आडवी लावली होती. दोन्ही बाजूंना बंदुका घेऊन शिपाई. नव्या फाटकाच्या खांबांना चुना-सिमेंट भरायचं होतं, म्हणून बाहेरून मजूर बायका आणल्या होत्या. गाडीच्या कडेनं त्या घमेली घेऊन आत-बाहेर करत होत्या. सगळा तुरुंग त्या फाटकाकडे बघत होता. दोरखंड, बांबू, "हां, धरा, धरा" अशा आरोळ्या. साहेब ओव्हरसियरांच्या शेजारी छत्री काठीसारखी टेकून उभे होते.

मी माझ्या दारात होते. मागं बायकांच्या अंगणातल्या हौदापाशी धप्पकन आवाज झाला आणि बायका ओरडल्या. म्हातारी धनगरीण शेवाळावरून घसरून पडली होती. मी धावले. तिला दोघीतिघींनी उचललं, पायरीवर बसवलं. घोटा सुजायला लागला होता. मी एक फडकं भिजवून त्यावर गुंडाळलं आणि वर बघितलं तर दार अर्धवट उघडं होतं. मोजायची गरज पडली नाही. कोण गेली ते मला न मोजताच कळलं.

म्हातारी मुद्दाम पडली का, हे मी तिला पुढंही कधी विचारलं नाही. घोटा मात्र खरोखर सुजला होता.

मी पळाले नाही. पळणारा शिपाई बघितला की सगळा तुरुंग पळायला लागतो. बोळातून भराभर चालत मी मोठ्या अंगणात आले. डोळ्यांवर ऊन आलं. कुठं दिसेना. मग घमेली वाहणाऱ्या बायकांच्या ओळीत मला एक ओळखीचं हिरवं लुगडं दिसलं. कच्च्या कैद्यांना घरचेच कपडे असतात. पदर पुढं ओढलेला, डोक्यावर रिकामं घमेलं, मान खाली. गाडीपासून चार हातांवर होती. बंदूकवाला शिपाई फाटकाकडे बघत होता.

ओरडावं तर तो शिपाई वळणार आणि काय करणार ते सांगता येत नाही. त्या दिवसांत सगळ्यांची डोकी ताणलेली होती. न ओरडावं तर ती बाहेर. मी सरळ तिच्यामागं गेले, डोक्यावरचं घमेलं वरच्या वर उचललं, जसं शेतात बाई बाईचं ओझं उतरवते तसं, आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं.

"चल," मी म्हटलं.

"आक्का, आज तारीख हाय. ती पोराला घिऊन बसली आसंल कोरटात. म्या लांबनंच बघते आन माघारी येते. देवाशपथ येते."

"येशील, मला ठाऊक आहे. पण त्या बंदूकवाल्याला ते ठाऊक नाही."

"मग तुमी सांगा त्येला."

मी मनगट सोडलं नाही. दोघी वळलो. घमेलं माझ्या काखेत होतं. तिनं एकदाच मागं, गाडीपलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि मग चालायला लागली. अंगणाच्या मध्यावर माझी नजर साहेबांवर गेली. ते आमच्याकडेच बघत होते. फाटक उचललं जात होतं, माणसं ओरडत होती, आणि ते एकटेच फाटकाला पाठ करून उभे होते.

संध्याकाळी बोलावणं आलं. नोकरी गेली असंच धरून मी गेले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचंही फारसं काही वाटत नव्हतं. नोकरी गेली तर झोपायला मिळेल, एवढंच डोक्यात येत होतं.

"ती बाहेर कशी आली?" साहेबांनी विचारलं.

"दाराला कुलूप नाही, साहेब."

ते म्हणाले, "कुठं निघाली होती?"

मी सांगितलं. तारीख, सासू, पोर, मागची गेलेली तारीख. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण दारातला शिपाई आत डोकावला. साहेबांनी त्याला हातानंच जा म्हणून खुणावलं.

"तुम्ही घरी शेवटचं कधी गेला होतात?"

मला आठवेना. मी तसं सांगितलं.

"बरं. जा तुम्ही," ते म्हणाले.

तासाभरानं त्यांच्या बंगल्यावरचा माणूस एक पितळी कुलूप घेऊन आला. साहेबांच्या घरच्या धान्याच्या कोठीचं होतं. आमच्या त्या थोराड दारावर ते नथीएवढं दिसत होतं. जोरानं धक्का मारला असता तर निघालं असतं. पण ते बाहेरून लावलं, किल्ली फाटकावर दिली आणि मी खोलीवर गेले. पाय धुवायचेही राहिले.

पुढच्या तारखेच्या आधी साहेबांनी पोलिसांकडे स्वतः जाऊन सोबत मागून घेतली. ती गेलीच पाहिजे, असं ते सांगून आले होते. सोबत महिला शिपाई हवी, म्हणून मीही गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात सासू बाकावर बसली होती. मी तिला पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं होतं कजाग बाई असेल. ती बारकी, काळवंडलेली, मुलगा जाऊन अजून वर्षही न झालेली बाई होती. पोर मांडीवर उभं राहून तिची बुगडी ओढत होतं.

ही पलीकडच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आमच्या पोलिसानं बोलू नको म्हणून आधीच बजावलं होतं. पण पुकारा होईना, वेळ जाईना. शेवटी तिनं विचारलंच.

"दात आलं व्हय त्येला?"

सासूनं तोंड फिरवलं. पोलिसानं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. बऱ्याच वेळानं सासू भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "आलं. खालचं दोन."

"जुलाब झालं आसत्याल."

"झालं. बाळकडू दिलं."

एवढंच. मग पोर आपणहोऊन खाली उतरलं, बाकाला धरून उभं राहिलं, दोन पावलं इकडं आलं. तिनं हात पुढं केले तर ते तिच्याकडे टक लावून बघत राहिलं आणि भोकाड पसरून आजीकडे वळलं. सासूनं उचललं.

परतताना मला वाटलं ही आता मोडून पडणार. रस्त्यानं चालता चालता ती म्हणाली, "वळखलं न्हाई, आक्का." मग थोड्या वेळानं, "पर त्येच्या टाळूला त्येल हुतं. रोज घालत आसंल ती. वास आला मला." आणि पुढं तुरुंगापर्यंत ती नीट चालली.

नवी कुलपं दिवाळीच्या आधी आली. ती पेटी उघडली तेव्हा सगळे शिपाई बघायला जमले होते. भोंगाही बसला, पहिल्यांदा वाजवला तेव्हा गावातली माणसं धावत आली. बायकांच्या दाराला नव्या चौकटीसकट कुलूप लागलं, किल्ली वीतभर लांबीची. मी साहेबांचं पितळी कुलूप पुसून बंगल्यावर परत नेऊन दिलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "बरं झालं बाई, उंदरांनी जोंधळे खाल्ले सगळे."

म्हातारी शिक्षा संपवून संक्रांतीच्या सुमाराला सुटली. जाताना तिनं सगळ्यांना हात जोडले, त्या दारालाही. तरणीचा खटला पुढच्या साली संपला. विहिरीवर त्या दिवशी कुणीच नव्हतं, ढकलताना कुणी पाहिलं नव्हतं. कोर्टानं तिला सोडलं. पोरासाठी पंच बसले, तिचा भाऊ सासूकडे दोनदा जाऊन आला. अखेर पोर तिला मिळालं, पण सणावाराला आजीकडे पाठवायचं या बोलीवर. ती बोली तिनं पाळली असं मला पुढं तिच्या भावाकडून कळलं. साहेब त्याच्या आधीच निवृत्त होऊन गावी गेले होते.

मला मात्र दिवाळीत रजा मिळाली. स्टँडवर कराडवरून पुढं जाणारी गाडी लागलेली होती. खिडकीपाशी जागा मिळाली. मुलीसाठी घेतलेला फ्रॉक मांडीवर होता. गाडी गावाबाहेर पडली तेवढं आठवतं. नंतर कंडक्टर खांदा हलवत होता आणि बाहेर भलताच स्टँड दिसत होता.

"बाई, कुठं जायाचं हुतं?"

"कराडला."

"आवं, कराड कवाच मागं गेलं. तिथं म्या किती हाका मारल्या. मेल्यावाणी झोपला हुता तुमी."

मी खाली उतरले. नळावर तोंड धुतलं, स्टँडवर चहा घेतला आणि माघारी जाणाऱ्या गाडीत बसायला जागा असतानाही उभी राहिले.